शेजारचे टेबल

गेल्या चैत्रात आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाने माझ्या कादंबरीवर एक बैठक ठेवली होती. बैठक म्हणजे किती माणसे, तर चौदा. त्यांतले तीन माझेच जुने विद्यार्थी, एक चहा घेऊन आलेला पोऱ्या आणि एक गृहस्थ वळवाची सर आली म्हणून आत शिरलेले. कादंबरी एका कारकुनाची आहे. तो एकतीस वर्षे सरकारी कचेरीत नोकरी करतो, साहेबाची बोलणी खातो, घरी येऊन गप्प बसतो आणि निवृत्तीच्या दिवशी शाल नि नारळ घेऊन एस. टी.च्या थांब्यावर उभा राहतो. वक्त्यांनी ‘करुण’, ‘संयत’ असे शब्द वापरले. मी मान खाली घालून ऐकत होतो. असे शब्द ऐकताना मान खालीच घालायची असते.

मग पहिल्या रांगेतल्या एक बाई उठल्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या, वाचनालयाच्या जुन्या वर्गणीदार. त्या म्हणाल्या, “मास्तर, तुमचा रघुनाथ एकतीस वर्षं कचेरीत जातो. त्याच्या शेजारच्या टेबलावर कोण बसतं?”

मी म्हणालो, “तसा प्रसंग आला नाही कथानकात.”

“एकतीस वर्षांत?”

मंडळी हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे. त्यांचे यजमान गेले, त्यानंतर पंधरा दिवसांनी त्या कामावर आल्या. संध्याकाळी रोख जुळवताना बेरीज चुकू लागली. शेजारच्या खिडकीवरचे गृहस्थ रोज पाच वाजता काही न बोलता त्यांची बेरीज पुन्हा करून पाहत. असे चार महिने चालले. त्या गृहस्थांशी घरगुती बोलणे त्यापूर्वी कधी नव्हते, पुढेही झाले नाही. “आता सांगा,” बाई म्हणाल्या, “तुमच्या पुस्तकात ते कुठं बसले असते?”

मला उत्तर आले नाही. चहा आला, तेवढ्यावर निभावले.

समीक्षा हा माझा प्रांत नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. मी मॅट्रिक. आमच्या घरी दहावीला अजून मॅट्रिकच म्हणतात. पुढे ड्रॉइंगचा डिप्लोमा केला आणि माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवू लागलो, त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. परंतु बाईंचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून मेच्या सुट्टीत घरातली, वाचनालयातली पुस्तके एकेक करून काढली आणि एवढेच पाहत गेलो की, मराठी लेखकाचा नायक कामावर जातो तेव्हा लेखक त्याच्याबरोबर आत जातो का दारातून परत फिरतो?

पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ सालची. चाळीतली पुरुषमंडळी बहुतेक कुठे ना कुठे चाकरीला. सकाळी ती जिना उतरतात आणि पुस्तक मात्र चाळीतच राहते. ‘असा मी असामी’ १९६४ चे. त्यातला धोंडो भिकाजी जोशी तर हाडाचा कारकून. त्याच्या तोंडून आपण मुंबई बदलताना पाहतो, पोट धरून हसतो. ऑफिसही त्यात आहे. पण त्याची खरी फजिती होते ती घरात, चाळीत, नव्या जमान्याच्या रीतीभातींत. विनोदी लेखकाकडे हे गाऱ्हाणे घेऊन जाणे बरे नव्हे, मला कळते. पण गंभीर लेखकांकडे गेलो तरी चित्र फारसे निराळे दिसत नाही. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ २००४ ची. आम्हा शिक्षकांनी तर ती मुलांच्या आधी वाचली. तीत शाळा आहे ती पोरांची. मास्तर वर्गात येतात आणि वर्गातून जातात. शिक्षकांच्या खोलीत काय चालते ते पोरांना दिसत नाही, म्हणून वाचकालाही दिसत नाही. हे कथेच्या दृष्टीने अगदी योग्य आहे. तरी मला चुटपुट लागलीच.

जयंत पवारांचे ‘अधांतर’ हे नाटक मला फार मोठे वाटते. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि गिरणगाव उठले ते पुन्हा बसलेच नाही. त्या मोडतोडीचे हे नाटक १९९७ मध्ये रंगभूमीवर आले. पडदा उघडतो तो गिरणगावातल्या एका खोलीत आणि आपण शेवटपर्यंत त्या खोलीतच असतो. गिरणी बाहेर. यंत्रे थांबलेली, म्हणून ती दाखवण्याचा प्रश्नच नव्हता, हे खरे. पण जे मोडले त्यात पगाराबरोबर आणखी काही होते. साच्यावर शेजारी उभे राहणारे माणूस होते, पाळी बदलताना हातात हात देणारे होते, एकमेकांच्या गावच्या जत्रा ठाऊक असणारे होते. खोलीत घुसमटणारी पोरे बापाच्या गिरणीची जागा शोधत हिंडतात असे मला ते वाचताना वाटत राहिले. पवारांनी ते मुद्दाम बाहेर ठेवले असेल. जे गेले ते दाखवायचे कसे? रिकाम्या जागेनेच.

मराठी लेखक कामाच्या ठिकाणी शिरलाच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. मामा वरेरकरांनी गिरणी आणली. विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने १९३३ मध्ये शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींची घुसमट मांडली, तेव्हा केवढे वादळ उठले. आणि भालचंद्र नेमाड्यांचा चांगदेव पाटील आहे. ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ या १९७५ ते १९७९ मधल्या चार कादंबऱ्यांतून तो गावोगावच्या कॉलेजांत मास्तरकी करतो. शिक्षकांच्या खोलीतली खरी हवा मराठीत पहिल्यांदा इथे आली, असे माझे मत आहे. कोण कोणाचा माणूस, कोणाचा तास कोणाला, कोण कोणाशी बोलत नाही, हे सारे इतके ओळखीचे की पुस्तक मिटून इकडेतिकडे पाहावे. पण चांगदेव काय करतो? पाहतो, वैतागतो आणि शेवटी बिढार उचलतो. तो निघून जातो, म्हणून त्याचे मन शाबूत राहते. ज्यांना बिढार उचलता येत नाही, घराचे हप्ते आहेत, म्हातारी आई आहे, गावातच मुलगी दिली आहे, त्यांचे काय? त्यांना त्याच खोलीत, त्याच माणसांशेजारी वीस वर्षे डबा उघडायचा आहे.

या चुकारपणाचे कारण काय असावे? आम्हा लेखकांतले बहुतेक स्वतः नोकरदार, तेव्हा अनुभव नाही असे म्हणायची सोय नाही. मला एकच कारण सुचते आणि ते मी माझ्या पुस्तकावरून सांगतो. घरी आलेला कारकून नुसता सोसणारा असतो. वाचकाचे डोळे पाणावतात. त्याच कारकुनाला कचेरीत बसवला, शेजारी दुसरा माणूस बसवला, की लगेच पंचाईत होते. तिथे तो सोसतो तसा दुसऱ्याला सोसायलाही लावतो. साहेबाची बोलणी खाऊन तो फाइल कोणाच्या टेबलावर सरकवतो? माझा रघुनाथ कोणाच्याच टेबलावर सरकवत नाही, कारण मी दुसरे टेबलच ठेवले नाही. त्याला निर्मळ ठेवायचा होता ना!

हे मला कळायला आणखी एक गोष्ट घडावी लागली होती. खरे म्हणजे ती आधीच घडून गेली होती, बाईंच्या प्रश्नाने वर आली.

ज्या शाळेत ती घडली तिचे नाव सांगत नाही. तिथे माझ्या शेजारी गणिताचे एक सर बसत. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. शाळेच्या विनाअनुदानित तुकडीवर होते. म्हणजे पगार हातखर्चाएवढा, आणि मान्यता आज येईल, उद्या येईल, या आशेवर दिवस. त्यांना संगणक येत असे. त्यामुळे सरकारी संकेतस्थळांवर शाळेची जी माहिती भरायची असते, म्हणजे पटसंख्या, आधार क्रमांक, शिष्यवृत्त्या, पोषण आहाराचे आकडे, ती सगळी हळूहळू त्यांच्याकडे आली. कोणी लेखी हुकूम काढला नाही. “तुम्हाला जमतं बुवा,” एवढे म्हटले की काम सरकत असे. हे वाक्य मीही म्हटले आहे, एकदा नव्हे. चित्रकला शिक्षकाला काम नसते असा सर्वत्र समज. गणिताला कमी पडतात म्हणून माझेच तास मागून नेतात. तेव्हा ती माहिती माझ्याकडे वळण्याचा धोका होता आणि ती त्यांच्याकडे गेली म्हणून मी सुटलो होतो. रात्री साडेदहाला मोबाइलवरच्या आमच्या गटात मुख्याध्यापकांचा संदेश येई: सकाळपर्यंत अमुक तक्ता पाठवा. आम्ही सगळे तो वाचत असू. उत्तर एकटेच सर देत: “हो सर.” खाली आम्ही अंगठे दाखवत असू.

त्यांनी मधल्या सुट्टीत आमच्यात डबा खायचे सोडले. मग तास चालू असताना एका पोरावर एवढ्याशा कारणाने ओरडले आणि नंतर बराच वेळ व्हरांड्यात उभे राहिले. आम्ही त्यांना ‘साहेब’ म्हणू लागलो. थट्टेने.

त्याच सुमारास संस्थेने आम्हा शिक्षकांसाठी ताणमुक्तीचे शिबिर घेतले. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर. म्हणजे ताण घालवण्यासाठी अर्धी सुट्टी गेली. शहरातून एक वक्ते आले होते. माणूस उमदा होता, त्यांची चेष्टा करायची नाही मला. त्यांनी आम्हाला टाळ्या पिटून हसायला लावले. अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली. शिकागोजवळ हॉथॉर्न नावाचा एक मोठा कारखाना होता, टेलिफोनचे सामान करणारा. तिथे १९२४ ते १९३२ पर्यंत प्रयोग चालले. दिवे वाढवले तर काम वाढले, दिवे कमी केले तरी वाढले. मग काही मुलींना वेगळ्या खोलीत बसवून विश्रांतीच्या वेळा, खाऊ, कमी तास असे एकेक दिले. त्यांचे काम वाढत गेले, कारण कोणीतरी आपल्याकडे लक्ष देते आहे असे त्यांना वाटले. तात्पर्य, कामाच्या जागी आपुलकी हवी. आम्ही टाळ्या दिल्या.

पुढे मी या हॉथॉर्नविषयी वाचले. गोष्ट खरी आहे, पण अर्धी. दिव्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष नंतरच्या अभ्यासकांनी फेरतपासले आणि त्यांवर शंका घेतली. आणि त्या वेगळ्या खोलीतल्या मुलींपैकी दोघींना १९२८ च्या सुरुवातीला काढून त्यांच्या जागी दुसऱ्या बसवल्या होत्या. तक्रार अशी की त्या फार बोलतात, काम मनासारखे करत नाहीत. आपुलकीच्या या सुप्रसिद्ध गोष्टीतून त्या दोघी वगळल्या जातात. मला वाटते, त्या खोलीची कादंबरी लिहायची तर सुरुवात त्या दोन रिकाम्या खुर्च्यांपासून करावी लागेल. सांगणाऱ्याने मात्र माझ्यासारखेच केले, पुस्तक निर्मळ ठेवले.

शिबिराच्या शेवटी चिठ्ठ्या वाटल्या. प्रत्येकाने शेजाऱ्याविषयी एक चांगली गोष्ट लिहायची आणि त्याला द्यायची. माझ्या शेजारी गणिताचे सर. मी झोकदार अक्षरात लिहिले, ‘सर्व कामे हसतमुखाने करतात.’ सरांनी ती वाचली, घडी केली, खिशात ठेवली. त्यांनी माझ्याविषयी काय लिहिले होते ते आता आठवत नाही. अक्षराविषयी काहीतरी असावे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ते आलेच नाहीत. राजीनामा टपालाने आला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगांच्या यादीत ‘बर्नआउट’ या अवस्थेची व्याख्या नोंदवली. शक्ती संपून जाणे, कामापासून मन तुटणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे, ही तिची तीन लक्षणे. पण तो आजार म्हणून नोंदवलेला नाही. कामाशी निगडित अवस्था म्हणून नोंदवला आहे. हा भेद मला साहित्याच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. आजार माणसात असतो, ही अवस्था मात्र माणूस आणि त्याचे काम यांच्या मध्ये असते. म्हणजे नेमकी त्या दोन टेबलांच्या फटीत, जिथे आमची लेखणी जात नाही.

एका परक्या लेखकाची गेली आहे. गोगोल या रशियन लेखकाची ‘ओव्हरकोट’ ही कथा १८४२ ची. पूर्वी वाचली होती ती गरीब कारकुनाची गोष्ट म्हणून. त्याचा जुना कोट, पोटाला चिमटा घेऊन शिवलेला नवा, तो चोरीला जाणे, त्याचे मरणे. या खेपेला कचेरीकडे पाहत वाचली आणि अंगावर काटा आला. अकाकी अकाकियेविच हा नकला करणारा कारकून. बरोबरीचे त्याच्या डोक्यावर कागदाचे कपटे टाकतात, बर्फ पडले म्हणतात. तो काही बोलत नाही. लिहिता हात कोणी हलवला तरच आपल्याला सोडा म्हणून विनवतो. एक नवा तरुण, तोही चिडवणाऱ्यांतच होता, ती विनवणी ऐकून मध्येच थांबतो. त्या साध्या शब्दांतून त्याला दुसरेच काही ऐकू येते आणि पुढे कितीतरी वर्षे, ऐन मौजेच्या वेळी, तो टक्कल पडलेला लहानखुरा कारकून त्याच्या डोळ्यांसमोर येत राहतो. कथेत या तरुणाचे पुढे काही काम नाही. त्याला नावही नाही. पण गोगोलने त्याला आणला आणि कथा दयेवरून उचलून माझ्या-तुमच्या गळ्यात टाकली.

पुढचे तपशील तर बघा. नवा कोट आला म्हणून कचेरीतली मंडळी मेजवानी मागतात. त्याची ऐपत नाही, तेव्हा एक वरचा अधिकारी आपल्या घरी सगळ्यांना बोलावतो. एक संध्याकाळ सारे त्याच्याशी गोड. त्या मेजवानीवरून परतताना कोट चोरीला जातो. मग मंडळी वर्गणी काढतात, तर अगदी किरकोळ जमते, कारण साहेबाचे चित्र काढून घेण्यासाठी आणि कोणत्याशा पुस्तकासाठी पैसे आधीच देऊन झालेले असतात. तो मेल्याचे कचेरीला कळते ते पुरल्यानंतर चार दिवसांनी आणि लगेच त्याच्या जागेवर दुसरा येऊन बसतो. तो उंचीला जास्त आणि त्याचे अक्षर बरेच तिरके. अकाकीच्या जागी काय आले, तर तिरके अक्षर! मी अक्षर शिकवणारा माणूस. हे वाचून वही बाजूला ठेवली.

मग मराठीत असे काही नाहीच का? आहे, आणि ते मला घराजवळ सापडले. मी माणदेशाच्या कडेला राहतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची. तिला ग्रामीण कादंबरी म्हणून आपण कपाटात जागा ठरवून दिली आहे. पण मला ती आता नोकरीवर लागलेल्या एका तरुणाची कादंबरी वाटते. राजाराम सौंदणीकर हा कोवळा मास्तर नेमणुकीचा कागद घेऊन धनगरांच्या वाडीवर येतो. शाळा चावडीत. पोरे मेंढरांमागे. ना सहकारी, ना मुख्याध्यापक. मन रमावे असे त्या जागेत काही नाही. तरी तो टिकतो. कसा टिकतो, हे माडगूळकर एका शब्दाने समजावून सांगत नाहीत, नुसते दाखवत जातात. म्हातारा कारभारी शाळा हे आपलेही काम समजतो आणि पोरे गोळा करतो. मास्तर लोकांची पत्रे लिहितो, तालुक्याची कामे करून देतो, भांडणात त्याला विचारले जाते. आयबू सोबतीला येतो. आनंदा रामोशी चोऱ्या करतो आणि तोच जवळचाही होतो. कोणी मास्तराला ‘तुम्ही आमचे’ म्हणून हार घातलेला नाही. त्याची गरज आहे, आणि त्यालाही त्यांची आहे, आणि काम दोघांनी मिळून उचललेले आहे. एवढ्यावर ते मन उभे आहे.

आणि किती अवघडून उभे आहे! अंजीच्या चोळीची साधी गोष्ट. मास्तर भलेपणाने एक काम करायला जातो, त्यावरून कुजबुज उठते, कारभारी बिथरतो आणि तीच चावडी एका दिवसात परकी होते. ज्याने परक्या गावी नोकरी केली आहे त्याला ही पाने पुन्हा वाचवत नाहीत. कामाच्या जागचा जिव्हाळा हा घरच्या जिव्हाळ्यासारखा नसतो. त्याला रक्ताचा आधार नाही, रोजच्या रोज तो नव्याने जमवावा लागतो. माडगूळकरांनी हे कारकुनी कचेरी न दाखवता दाखवले. पुढे सारी वाडी खपून तालीम उभारते, राजेसाहेब येतात. वाटते, जमले. मग पाऊस दडी मारतो, मेंढरे मरतात, माणसे जगायला बाहेर पडतात आणि वाडी ओस पडते. इतका जिव्हाळा, इतके एकत्र राबणे; दुष्काळापुढे काही चालले नाही. लेखकाने इथे कोणाला खोटा दिलासा दिला नाही, म्हणून आधीच्या दिलाशावर आपला विश्वास बसतो.

माझी एक तक्रार ‘बनगरवाडी’बद्दलही आहे. शाळा एकशिक्षकी आहे. दुसरा मास्तर असता तर? मुले कोणी गोळा करायची आणि राजेसाहेबांपुढे कोणी उभे राहायचे, ही वाटणी आली असती. कारभाऱ्याशी रुसवा परवडतो, तो बरोबरीचा नाही. बरोबरीच्याशी रुसवा निराळा. त्या परीक्षेला माडगूळकरांचा मास्तर बसलेला नाही. नेमाड्यांचा बसला आणि गाव सोडून गेला. नारायण सुर्वे यांनी तर मुंबईच्या महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई म्हणून आणि मग शिक्षक म्हणून नोकरी केली. घंटा देणारा माणूस त्याच व्यवस्थेत खडू हातात घेतो, तेव्हा खुर्च्या कशा सरकतात, कोण आधी नमस्कार करतो, याची एखादी कादंबरी मराठीत व्हायला हवी होती. अजून कोणीतरी लिहावी.

गणिताचे सर मला यंदा श्रावणात भेटले, आठवड्याच्या बाजारात. सासऱ्यांच्या खताच्या दुकानावर बसतात. अंगाने भरलेत. मी काही बोलण्याआधी त्यांनीच विचारले, “माहिती आता कोण भरतं?”

“मी,” म्हणालो. “शिकलो हळूहळू.”

“जमतं की तुम्हाला,” ते म्हणाले. ते सहज म्हणाले की त्या जुन्या वाक्याची परतफेड केली, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला ओळखता आले नाही. चित्रकला शिकवतो, चेहरे काढतो, तरी आले नाही. गिऱ्हाईक आले, ते आत वळले.

माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघण्याचा संभव नाही. पहिल्या आवृत्तीचेच गठ्ठे प्रकाशकांकडे पडून आहेत. तरी मी एका वहीत रघुनाथच्या कचेरीत दुसरे टेबल मांडायला घेतले आहे. त्यावर कोण बसतो ते ठरेना, म्हणून गणपती उठल्यावर पोस्टातल्या बाईंकडे गेलो आणि विचारले, ते शेजारचे गृहस्थ बेरीज नेमकी करत कशी? तुमच्या हिशेबात त्यांचे अक्षर कसे चालले?

“शिसपेन्सिलीनं,” बाई म्हणाल्या. “अगदी बारीक आकडे. मी त्यावरून शाईनं गिरवलं की खोडरबरानं पुसून टाकायचे, मग उठायचे. नियमात बसत नव्हतं म्हणा ते.” आणि चहा ठेवायला त्या आत गेल्या.